पिशवी माझी, पसारा तिचा



परवा माझा धाकटा पुतण्या घरी आला होता. येताना एक पुस्तक घेऊन आला. चकचकीत कागद, रिबीन, सगळं साग्रसंगीत. "काकू, हे खास तुझ्यासाठी." आमच्या हिने हसून ते घेतलं, उघडून पाहिलं, "छान आहे रे" म्हणाली आणि टीपॉयवर ठेवलं. टीपॉयवर आधीच दोन दिवसांची वर्तमानपत्रं, औषधांचा डबा, नातवाची स्केचपेनं, मुलाचा चार्जर आणि माझ्या चष्म्याची रिकामी डबी होती. आणि पुस्तक होतं घरातला पसारा कसा आवरावा या विषयावर!

मला पुतण्याचा असा राग आला की चहा निवेपर्यंत मी बोललोच नाही.

राग पुस्तकाचा नव्हे. ते मी नंतर डिक्शनरी शेजारी घेऊन वाचून काढलं (मराठी माध्यमातला बी.ए., आमचं इंग्रजी असंच खडखडत चालतं). मारी कोंडो नावाच्या जपानी बाईंचं आहे. इंग्रजीत २०१४ साली आलं, जगभर खपलं, २०१९ मध्ये त्यावरून नेटफ्लिक्सवर मालिकाही आली. वस्तू हातात घ्यायची, तिने मनाला आनंद होतो का ते पाहायचं, होत नसेल तर तिचे आभार मानून तिला निरोप द्यायचा. कल्पना वाईट नाही. आभार मानण्याची तर मला आवडली.

राग आला तो "काकू, तुझ्यासाठी" याचा. टीपॉयवर जे काही पडलं होतं त्यात तिची एकही वस्तू नव्हती. औषधांचा डबासुद्धा माझा, बीपीचा आणि शुगरचा. घरात पाच माणसं आहेत. मग पुस्तक तिलाच का?

तर आज भांडायचं आहे. नातेवाईक मंडळी हे पान वाचतात याची मला पूर्ण कल्पना आहे, म्हणून तर इथेच लिहितोय. माझं म्हणणं एवढंच आहे. घरात पसारा होतो तो वस्तू फार झाल्या म्हणून नव्हे, जागा लहान म्हणून नव्हे, आणि घरातल्या बाईला वळण नाही म्हणून तर मुळीच नव्हे. पसरणारे चार आणि आवरणारी एक, म्हणून तो होतो. आणि वर आपण त्या एकीकडेच जाब मागतो.

आता कुणी म्हणेल, मास्तर, तुम्हाला हे आत्ता सुचलं? सत्तरी उलटल्यावर? हो, आत्ताच सुचलं. कसं ते सांगतो. त्यात माझी शोभा नाही, पण असो.

पस्तीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं. प्रगतिपुस्तकात 'नीटनेटकेपणा' असा एक रकाना असायचा. त्यात मी किती पोरांना 'सुधारणा आवश्यक' असे शेरे मारले असतील याची गणती नाही. वहीला कव्हर नाही, समास सोडलेला नाही, दप्तर अस्ताव्यस्त. २००० साली राज्यात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. आम्ही शिबिरासाठी पोरांना जवळच्या एका खेड्यात घेऊन गेलो, हातात खराटे देऊन गल्ल्या झाडून घेतल्या. मी स्वतः झाडलं, फोटो काढून घेतला. गाडगेबाबांवर अर्धा तास बोललो. हा माणूस गावात शिरला की आधी झाडू हातात घ्यायचा, उपदेश मागाहून. पोरं भारावून ऐकत होती. मग मी घरी आलो, घामाचा शर्ट पलंगावर टाकला, मोजे खुर्चीखाली सरकवले, खांद्यावरची शबनम पिशवी आतल्या बोळात भिंतीशी सोडली आणि म्हणालो, "अगं, चहा टाक."

ती पिशवी लक्षात ठेवा.

१९८५पासून आम्ही डोंबिवलीच्या याच ब्लॉकमध्ये राहतो. हॉलमधून स्वयंपाकघराकडे जाताना हातभर रुंदीचा बोळ आहे. बाहेरून आलं की पिशवी तिथे सोडायची, ही माझी चाळीस वर्षांची सवय. ती रोज उचलून कपाटाच्या बाजूला ठेवायची. मी पुन्हा तिथेच सोडायचो. वाद कधी झाला नाही, कारण मला ती उचलली जाते हे कधी दिसलंच नाही. पिशवी सकाळी कपाटाशी सापडायची, बस्स. जणू रात्री ती आपल्या पायांनी चालत जात असावी.

२०२४च्या ऑगस्टमध्ये, पहिल्याच आठवड्यात, पहाटे ही दूध घ्यायला उठली. बोळात अंधार. पिशवीच्या बंदात पाय अडकला आणि ती पुढे हातावर पडली. उजव्या मनगटाचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, नशीब समजा, या वयात खुब्याचं हाड मोडलं असतं तर फार जड गेलं असतं. सहा आठवडे प्लास्टर. मी दवाखान्यातल्या बाकावर बसलो होतो आणि माझ्या खांद्याला तीच पिशवी होती. एक्स-रे ठेवायला घेतली होती.

हिने आजतागायत त्याबद्दल एक शब्द काढलेला नाही. विचारणाऱ्याला "अंधारात पाय घसरला" असंच सांगते. हेही मी आज पहिल्यांदाच लिहितोय.

तर ते सहा आठवडे. सून आठच्या आत लोकल पकडून ठाण्याला जाते, मुलगा दुसऱ्या दिशेला. नातू चौथीत. दिवसभर घरात मी आणि गळ्यात हात अडकवलेली ही. स्वयंपाकाला बाई लावली. केर-लादीला मावशी आमच्याकडे आधीपासूनच येतात. म्हटलं, मग आता उरतंच काय?

पहिल्याच दिवशी कळलं काय उरतं ते. मावशी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "काका, केर काढायचा कुठून?" जमिनीवर जागाच नव्हती! चपला, दप्तर, पेपर, कॅरमच्या सोंगट्या, उशी, कुरिअरच्या खोक्यातून निघालेला तो फुग्याफुग्यांचा कागद. मावशी केर काढतात तो आवरलेल्या घरातला. त्या यायच्या आधी रोज सकाळी कुणीतरी वाकवाकून जमीन मोकळी करत होतं. मी पेपर वाचत असायचो, ती जवळ आली की पाय वर घ्यायचो. आणि हे पाय वर घेणं म्हणजे आपलं सहकार्य, असं मला वाटायचं बरं का.

तिसऱ्या दिवशी शाळेतली जुनी खोड उफाळून आली. पाठकोऱ्या कागदावर रकाने आखले आणि रविवारी सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत एकच गोष्ट मोजली. घरातल्या कुणी तिला "अमुक कुठे आहे?" असं किती वेळा विचारलं? त्रेचाळीस. नातू १४, मुलगा ११, सून ३, आणि मी, मोजणारा मी, १५. मोजतोय हे माहीत असूनही पंधरा! नेलकटर, गॅसचं पुस्तक, काळा दोरा, चष्मा, पुन्हा चष्मा. आणि ती खुर्चीत बसल्या बसल्या सांगत होती, "देवाच्या कपाटात खालच्या खणात, निरांजनाच्या मागे." चुकली एकदाही नाही.

मला वाटायचं आवरणं म्हणजे हातांचं काम. हात तर प्लास्टरमध्ये होता, तरी काम चालूच होतं. पाच माणसांच्या सगळ्या वस्तूंचा नकाशा एका डोक्यात, आणि तो रोज बदलणारा, कारण आम्ही चौघं वस्तू ठेवत नाही, सोडतो. ठेवणे आणि सोडणे ही दोन वेगळी क्रियापदं आहेत, हे मराठीच्या मास्तरला त्र्याहत्तराव्या वर्षी कळावं!

व्याकरणाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. आपण कसं बोलतो पाहा. "पसारा झालाय." "किती पसारा पडलाय." पाऊस पडावा तसा पसारा पडतो. कर्ताच नाही. लहान मुलांपुरतं फक्त "पसारा केलास" म्हणतो. पण आवरायची वेळ आली की वाक्याला लगेच कर्ता सापडतो आणि तो नेहमी स्त्रीलिंगी असतो. "अगं, जरा आवर." "सुनेने घर छान ठेवलंय हो." "तिला वळणच नाही." पस्तीस वर्षं मी हे प्रयोग शिकवले, पण घरातला कर्ता कधी शोधला नाही.

त्या वर्षी ७ सप्टेंबरला गणपती बसले. प्लास्टर अजून निघायचं होतं. दीड दिवसाचा गणपती, दर्शनाला पंचवीस-तीस माणसं येऊन गेली. येणारा प्रत्येक जण आधी हिच्या हाताकडे बघायचा आणि मग त्याची नजर घरभर फिरायची. माझी थोरली बहीण (ताई, हे तू वाचशीलच, वाच) सोफ्यावरचे कपडे बाजूला सरकवत म्हणाली, "घराला बाईचा हात लागला नाही की असं होतं बघ." एक मेहुणे म्हणाले, "सूनबाईंना जमत नाही वाटतं नोकरी सांभाळून." सून आतून मोदकांचं ताट घेऊन येत होती. तिने ऐकलं. सकाळी चारला उठली होती ती.

दिवसभरात एकानेही मला विचारलं नाही की, अरे, तू घरातच असतोस ना दिवसभर? मुलालाही कुणी विचारलं नाही. खरं म्हणजे त्या सोफ्यावर होते ते मुलाचे इस्त्रीचे शर्ट आणि माझा पंचा. पण आम्हाला जो तो म्हणत होता, "तुमची फारच ओढाताण होत असेल." ओढाताण! सोफ्यावर बसून मला सहानुभूती मिळत होती आणि उभ्याने राबणाऱ्या मुलीला शेरे. 'सुधारणा आवश्यक.' मी मास्तर असूनही त्या क्षणी गप्प बसलो. ती भरपाई आज करतोय.

ताईचं एक ठरलेलं वाक्य आहे, "आपल्या आईच्या वेळी नव्हता हो असा पसारा." हे वाक्य मला आमच्या पिढीतल्या सगळ्यांकडून ऐकू येतं आणि मीही ते पुष्कळदा फेकलेलं आहे. खरं आहे, नव्हता. सातारच्या वाड्यात दोन खोल्यांत आम्ही आठ माणसं. वस्तूच किती? एक फडताळ, दोन ट्रंका, कोनाड्यात कंदील, खुंटीवर वडिलांचा कोट. पण ताई, सकाळी आठ वळकट्या गुंडाळून कोपऱ्यात कोण रचायचं? आपण? आपण उठून तोंड धुवायला जायचो आणि परत येईपर्यंत खोलीची माजघर झालेली असायची. जेवणं उरकली की खरकटं काढून शेणगोळा कोण फिरवायचं? रात्री पुन्हा माजघराची निजायची खोली कोण करायचं? एका खोलीचा दिवसातून चार वेळा संसार बदलायचा, आणि हे पन्नास वर्षं. आई गेली तेव्हा कमरेत काटकोनात वाकलेली होती. आपण म्हणालो, वयामुळे. त्या काळी पसारा नव्हता, कारण आई बसत नव्हती. आठवण काढायचीच तर सगळी काढू या.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला आपण नवी केरसुणी पाटावर मांडतो, हळदकुंकू वाहतो, लक्ष्मी म्हणतो. पाय लागला तर नमस्कार करतो. इतकी पूज्य वस्तू, पण घरातल्या पुरुषाच्या हातात ती दिसली की शेजारी विचारतात, "वहिनी गावाला गेल्यात का?" मला विचारलंय.

आता आकडे. केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याने २०२४ साली, म्हणजे आमच्या प्लास्टरच्याच वर्षी, माणसं दिवसाचा वेळ कसा घालवतात याची देशभर पाहणी केली. स्वयंपाक, धुणीभांडी, झाडलोट, आवराआवर असं घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बाया दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवतात. पुरुष ८८ मिनिटं. म्हणजे पावणेपाच तासांच्या वर आणि जेमतेम दीड तास. पण थांबा, हे ८८ म्हणजे जे पुरुष काहीतरी करतात त्यांचे. त्या दिवशी घरात काडीचंही काम केलेले पुरुष होते शंभरात सत्तावीस, बाया एक्क्याऐंशी. सगळ्या पुरुषांत ती मिनिटं वाटली तर वाट्याला येतात चोवीस. माझा तरी चोवीस मिनिटांचा हिशोब लागला असता का, देव जाणे. पाय वर घेण्याची किती धरायची?

हे वाचून आमच्यातले सुशिक्षित लगेच म्हणतील, "मी तर बायकोला मदत करतो." मला या 'मदत' शब्दाचा अलीकडे संताप येतो. मदत दुसऱ्याच्या कामात करतात. स्वतःचा ओला टॉवेल पलंगावरून उचलून दोरीवर टाकणं ही मदत कशी? तो टॉवेल काय बायकोने वापरला?

दुसरा युक्तिवाद जास्त गोड असतो. "घर म्हणजे काय म्युझियम आहे? थोडा पसारा हवाच, त्याशिवाय घराला घरपण नाही." हे मी भाषणात बोललोय आणि टाळ्या घेतल्यात. आज सांगतो, हे वाक्य नेहमी न आवरणाराच बोलतो. पाहुणे येणार म्हणून दहा मिनिटांत हॉल रिकामा करणाऱ्या बाईच्या तोंडून मी ते अजून ऐकलेलं नाही. ती म्हणाली तर मान्य. त्या मारी कोंडोबाईंनीच २०२३ साली सांगून टाकलं की तिसरं मूल झाल्यावर घर टापटीप ठेवणं आपण जवळजवळ सोडून दिलंय. त्यांना तो अधिकार आहे, त्यांनी आवरून झालेलं आहे. माझं काय आवरून झालंय?

तिसरं म्हणणं मात्र अगदीच खोटं नाही. "आम्ही आवरलं तर हिलाच चालत नाही." मी टॉवेलच्या घड्या केल्या की ही डाव्या हाताने त्या मोडून पुन्हा करायची. मी चिडलो. म्हटलं, मग तूच कर. (किती पटकन सुटका शोधतो माणूस!) ती म्हणाली, "अहो, तुमच्या घडीने टॉवेल त्या फळीवर मावत नाहीत, तिसरा खाली पडतो. पडला की उचलणार कोण?" मी जाऊन पाहिलं. तिसरा खाली पडला होता. तिच्या घड्या तीनपदरी असतात, माझ्या दुपदरी. मला कुणी सांगितलं नव्हतं हे खरं, पण मी तरी कधी विचारलं होतं? काही बाबतींत मात्र ती हट्टी आहे हे मी लिहिणारच. रिकाम्या आइस्क्रीमच्या डब्यांना आमच्या घरात मरण नाही. आणि माझ्या कात्रणांची अकरा खोकी माळ्यावर आहेत, त्यांवर तीही बोलत नाही. तो वेगळा तह आहे.

प्लास्टर निघून बरेच महिने झाले. मनगट अजून थंडीत दुखतं, कुकरचं झाकण तिला फिरवता येत नाही. घरात सगळं बदललं असं सांगायचा मोह होतो, पण मग ती हे वाचून हसेल. नातवाला सवय लागली, वय लहान आहे. मुलगा आठवड्यातून दोनदा विसरतो आणि मग मी त्याला ओरडतो, मग तो म्हणतो, "बाबा, तुम्ही कधी उचललीत?" त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. बोळात दाराच्या मागे मी एक खुंटी ठोकून घेतली, सुताराने चाळीस रुपये घेतले. पिशवी तिथे असते. चष्मा नसतो. तो मी शोधतो, कधी कधी अर्धा तास लागतो, ही समोर बसून बघत असते. तिला माहीत असतं तो कुठे आहे ते. मी विचारत नाही.

पुतण्याला पुस्तक परत केलं नाही. त्याच्या बायकोने फोनवर सांगितलं की त्याच्या स्वतःच्या टेबलावर कॉफीचे चार मग बुरशी धरून बसलेत. तेव्हा पुढच्या वाढदिवसाला तेच पुस्तक, तोच कागद आणि तीच रिबीन त्याला जाणार आहे. वर लिहीन, 'खास तुझ्यासाठी'.

आणि हो, यंदाही गणपती दीड दिवसाचेच आहेत. सगळ्यांनी अगत्य यावं. चपला स्टँडवर ठेवा, प्रसादाच्या वाट्या उठताना मोरीत नेऊन ठेवा, पुरुषांनीसुद्धा. घराच्या अवताराबद्दल कुणाला काही बोलायचंच असेल तर मी हॉलमध्येच असेन, माझ्याशी बोला. स्वयंपाकघराकडे तोंड करून बोलू नका.